बोरघाटाचा अभियंता : जेम्स बर्कले

पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जत स्थानकात आली, की ती तेथे जरा विसावते. उतारू वडे घेण्यासाठी दाराखिडक्यांशी दाटी करतात, आणि तेवढ्या अवधीत गाडीच्या पाठीशी आणखी इंजिने येऊन जोडली जातात. मग शिटी होते. पुढचे इंजिन ओढू लागते, मागची रेटू लागतात, आणि गाडी पळसदरी मागे टाकून डोंगराच्या अंगावर चढू लागते. कर्जत-खालापूरच्या मुलांना या देखाव्याचे नवल वाटत नाही. मालगाडी असली तर मात्र ती वाघिणी मोजीत उभी राहतात आणि कोणत्या वाघिणीत काय भरले असेल याविषयी आपसांत पैजा मारतात. या घाटातून किती ओझे वर नेता येईल, याचा हिशेब मांडून ज्याने तेथे लोहमार्ग आखला, त्या जेम्स जॉन बर्कले या इंग्रज अभियंत्याचे हे चरित्र आहे.

जेम्सचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे या भागात झाला. तो काळ आगगाडीच्या बाल्याचा होता. जेम्स सहा वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८२५ मध्ये इंग्लंडात स्टॉक्टन व डार्लिंग्टन या गावांमधून वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक गाडी धावली. ती मुख्यतः खाणींतील कोळसा वाहण्यासाठी होती. पुढे १८३० मध्ये लिव्हरपूल बंदर आणि मँचेस्टरच्या कापडगिरण्या लोहमार्गाने जोडल्या गेल्या. म्हणजे आगगाडी प्रथम जन्मली ती ओझ्यासाठी. माणसे तिच्यात मागाहून बसली.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात जेम्सचे शिक्षण झाले. त्यानंतर त्याने नामांकित अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि अखेर तो रॉबर्ट स्टीफन्सन याच्या पदरी कामाला लागला. रॉबर्ट हा जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा; त्या वेळी लोहमार्गाच्या विद्येत त्याच्या शब्दाला मोठी किंमत होती. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला मुंबईसाठी मुख्य अभियंता हवा होता. स्टीफन्सनच्या शिफारशीने ती जागा तिशी गाठणाऱ्या बर्कलेला मिळाली, आणि १८५० च्या फेब्रुवारीत तो मुंबईस उतरला.

मुंबई ते ठाणे हा पहिला लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी केलेली खटपटही तुम्हांस ठाऊक असेल. परंतु केवळ ठाण्यास जाण्यासाठी कोणी एवढा खर्च केला नव्हता. कंपनीचे लक्ष सह्याद्रीच्या पलीकडे होते. तेथे देशावर कापूस पिकत होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तो हवा होता. मध्ये उभा होता तो घाट.

घाटावरचा माल खाली येई तो कसा, हे पाहण्याजोगे आहे. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन निघत. प्रत्येक बैलाच्या दोन्ही अंगांस गोण्या लादलेल्या असत. एका बैलावर शंभर-सव्वाशे किलोंहून अधिक भार घालता येत नसे. जाताना कापूस व धान्य, येताना कोकणातले मीठ. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे. उन्हाळ्यात त्यात धूळ व कचरा मिसळे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा बैलगाड्या चालू लागल्या व खोपोलीला वर्दळ वाढली. पुढे १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत वरचा मार्गही सुरू झाला. पण मधला घाट तसाच राहिला. पुण्याहून आलेला माल खंडाळ्यास वाघिणीतून उतरावयाचा, बैलगाड्यांत भरावयाचा, घाट उतरून खोपोलीस पुन्हा काढावयाचा आणि पुन्हा वाघिणीत चढवावयाचा. वरच्या मार्गावरची इंजिनेसुद्धा याच रस्त्याने माणसांनी व जनावरांनी ओढून नेली. हमालांना काम मिळे, पण व्यापारी मात्र जेरीस येत.

घाटात लोहमार्ग घालावयाचा तर तो कसा, हा बर्कलेपुढचा प्रश्न होता. रूळ आणि लोखंडी चाक ही दोन्ही गुळगुळीत. सपाटीवर हा गुण, पण चढावर तोच दोष. त्या काळी इंग्लंडात काही उभ्या चढांवर दोर बांधून, माथ्यावर बसवलेल्या यंत्राने गाड्या ओढून घेत असत. बर्कलेला बोरघाटात इंजिनानेच गाडी ओढणारा मार्ग हवा होता. त्यासाठी चढ बेताचा ठेवावा लागे. आणि चढ बेताचा ठेवावयाचा म्हणजे मार्ग लांबवीत, डोंगराला वळसे घालीत, बोगदे फोडीत न्यावा लागे.

येथे मला आमच्या शाळेतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण चढ आणि ओझे यांचे नाते मला स्वतःला तिच्यामुळे नीट कळले.

एके वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी बोरघाटातल्या मालगाडीची प्रतिकृती करावयाचे ठरवले. प्रमाण धरले एकास शंभर. आपल्या रुंद लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते; म्हणजे प्रतिकृतीत ते सुमारे १७ मिलिमीटर आले. जुनी चार चाकांची वाघीण म्हणून काड्यापेटी चांगली शोभली. ‘वाघीण’ हा शब्द ऐकून एका मुलाने तिला पिवळे-काळे पट्टे ओढले! इंग्रजी ‘वॅगन’ला आपल्या लोकांनी दिलेले हे मराठी रूप आहे, हे मी त्याला सांगितले, पट्टे मात्र पुसू दिले नाहीत.

खरी मौज माल भरताना आली. मुलांनी प्रथम काड्यापेटीत हाताला लागेल ते भरले : चिंचोके, खडे, तुरीचे दाणे. पण एकास शंभर या प्रमाणात चिंचोका म्हणजे मीटरभर लांबीचा धोंडा! मग मुले विचार करू लागली. कोळशाचे ढेकूळ हाताच्या वितीएवढे असेल, तर प्रतिकृतीत ते दोन मिलिमीटरांचे हवे. लोणारी कोळसा खलात कुटून दोन चाळण्यांतून चाळला; जाड तुकडे टाकले, भुकटीही टाकली, मधला चाळ ठेवला. खडीसाठी उल्हास नदीची वाळू याच रीतीने निवडली. लाकडाच्या ओंडक्यांसाठी बाभळीच्या बारीक काटक्या तोडून आणल्या. त्यांची साल ओंडक्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. कापसाच्या गासड्या सर्वांत अवघड गेल्या. नुसता कापूस भरला की तो ढगासारखा दिसे. खरी गासडी दाबून आवळलेली असते. ती घट्ट, चौकोनी व कोपऱ्यांशी किंचित फुगलेली दिसते. शेवटी लाकडाचे लहान ठोकळे कानशीने घासले, त्यांवर जुन्या धोतराचा तुकडा खळीने चिकटवला आणि वर दोऱ्याचे चार वेढे घट्ट आवळले. तेव्हा कोठे गासडी दिसू लागली.

आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली. कोळसा वाघिणीत सपाट बसत नाही. ओतला जाईल तेथे त्याचा ढीग होतो व कडांशी तो उतरतो. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा उंचवटा करून पेटीत बसवला आणि त्यावर खळ लावून कोळशाचा एकच थर पसरला. वरून पाहता वाघीण काठोकाठ भरलेली दिसे, आत मात्र पोकळ. याला मी प्रथम फसवणूक म्हटले. परंतु ती फसवणूक नव्हती, हे मला पुढे समजले. लांबी, रुंदी आणि उंची ही प्रत्येकी शंभरपट लहान झाली, की आकारमान दहा लाख पटींनी लहान होते. दहा टनांचा माल प्रतिकृतीत दहा ग्रॅमच भरावयाचा! काड्यापेटी खडीने गच्च भरली तर ती त्याहून जड होऊ शकते. पोकळ उंचवट्यानेच वजन खऱ्याच्या जवळ आले.

एका मुलाला मात्र हे पटले नाही. त्याने आपल्या वाघिणीत गुपचूप खिळे भरले. लाकडी फळीवर आम्ही बोरघाटातला सर्वांत उभा चढ केला होता, सदतीसास एक. म्हणजे सदतीस सेंटिमीटर पुढे गेले की एक सेंटिमीटर वर. डोळ्यांना तो चढ वाटतच नाही. दोऱ्याने गाडी वर ओढली, दोरा तुटला, आणि सगळी गाडी उलट धावत फळीवरून खाली कोसळली. कापसाच्या गासड्या वर्गभर उधळल्या. मुले हसली, पण मी गंभीर झालो. प्रतिकृतीत इंजिन लहान होते, वाघीण लहान होते, ओझे लहान होते. चढ मात्र लहान होत नाही. सदतीसास एक हा बर्कलेपुढे जितका होता, तितकाच त्या फळीवर होता.

आता खऱ्या घाटाचा हिशेब करा. सदतीसास एक या चढावर प्रत्येक टन ओझे सुमारे सत्तावीस किलोंच्या जोराने मागे खेचते. तीनशे टनांची गाडी असेल तर तिचा मागचा ओढा आठ टनांहून अधिक होतो, आणि हा ओढा माथा गाठेपर्यंत क्षणभरही सुटत नाही. उतरताना तोच ओढा गाडीला पुढे ढकलतो. म्हणून घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गातून फुटणारे उलट्या चढाचे आडमार्ग ठेवण्यात आले. गाडी आवरली नाही, तर ती या आडमार्गावर वळून चढाने आपोआप थांबावी, अशी ती योजना होती.

बर्कलेने व त्याच्या साहाय्यकांनी घाटाची पाहणी करून जो मार्ग निश्चित केला, तो पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत पावणेसोळा मैलांचा, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांचा होता. तेवढ्यात १८३१ फूट चढावयाचे होते. वाटेत पंचवीस बोगदे आणि कमानींचे आठ मोठे पूल आले. (आमच्या मुलांना सगळा घाट करावयाचा होता. तो एकास शंभर या प्रमाणात अडीचशे मीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच झाला असता, हे पाहून त्यांनी फळीवर समाधान मानले.) खंडाळ्याच्या खाली डोंगराची सोंड अशी पुढे आली होती, की गाडीला वळवण्यास जागाच नव्हती. तेथे बर्कलेने मार्गाला उलट वळण दिले. गाडी सोंडेच्या टोकाशी येऊन थांबे; इंजिन सुटून दुसऱ्या टोकास लागे; आणि आता शेपूट पुढे करून ती वरच्या मार्गाने पुन्हा चढू लागे. आपण डोंगरावरची पायवाट नागमोडी चढतो, तसाच हा प्रकार होता.

हे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याचे कंत्राट विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास मिळाले होते. १८५७ च्या डिसेंबरात बर्कलेने मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे बोरघाटाच्या चढाविषयी निबंध वाचून या कामाची माहिती लोकांना दिली. निबंधातले काम आणि डोंगरातले काम यांत मात्र फार अंतर असते. काळा पाषाण इतका कठीण, की सुरुंगासाठी छिद्र पाडतानाच पहारी बोथट होत. काही कड्यांवर पाय ठेवण्यासही जागा नव्हती. तेथे मजूर दोराला लटकून पहिली छिद्रे पाडीत. पावसाळ्यात चार महिने काम बंद राही. उन्हाळ्यात पाणी आटे, आणि त्याच दिवसांत पटकीची साथ येई.

मजूर दूरदूरच्या मुलुखांतून आले होते. पुरुष दगड फोडीत, बाया घमेल्यांनी माती वाहत. कामाच्या भरात त्यांची संख्या चाळीस हजारांहून वर गेली होती. साथींत, दरडींखाली आणि सुरुंगांत त्यांतील हजारो माणसे दगावली. त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. बोरघाटाचा विषय निघाला, की बर्कलेचे नाव घेतले जाते आणि ते घेतलेही पाहिजे. पण मला प्रत्येक वेळी वाटते, की त्या नावामागे एक मोठी रिकामी पाटी टांगलेली आहे. १८५९ च्या जानेवारीत तर मजुरीच्या तंट्यावरून घाटात दंगा उसळला. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला, आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने परक्या देशात, पतीच्या मागे, ते कंत्राट आपल्या शिरावर घेतले. ॲडमसन आणि क्लाउसर या दोन अभियंत्यांच्या साह्याने तिने ते शेवटास नेले. एवढ्या धैर्याच्या बाईची कथा अजून आपल्या पाठ्यपुस्तकांत का आली नाही, हे मला कळत नाही.

बर्कलेकडे केवळ हा एक घाट नव्हता. इगतपुरीकडे जाणारा थळघाट, वऱ्हाड-नागपूरचा मार्ग, सोलापूरचा मार्ग, अशा शेकडो मैलांची आखणी व देखरेख त्याच्याकडे होती. हिंदी कंत्राटदारांवर मोठी कामे सोपवावी की नाही, याविषयी तेव्हा अनेक इंग्रज साशंक होते. परंतु जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने या लोहमार्गाची कामे उत्तम रीतीने करून दाखवली, आणि बर्कलेने त्यांची मोकळेपणाने वाखाणणी केली. सततच्या श्रमाने व येथील हवेने त्याची प्रकृती खालावत गेली. १८६१ मध्ये त्याला इंग्लंडास परतावे लागले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे त्याचे निधन झाले. त्या वेळी तो अवघा बेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. ज्याने तो आखला त्याने त्यावरून चढणारी गाडी पाहिली नाही. ती वेळ मोठी विलक्षण होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडात येणे बंद पडले होते, आणि मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. गासड्यांनी लादलेल्या वाघिणी घाट उतरू लागल्या. ज्या मालाला खंडाळा-खोपोलीच्या मध्ये दोनदा उतरावे व दोनदा चढावे लागे, तो पुण्यात भरला की मुंबईतच उघडू लागला. दहा टनांची एक वाघीण म्हणजे ऐंशी ते शंभर बैलांची पाठ. लमाणांचे तांडे हळूहळू घाटातून दिसेनासे झाले, आणि खोपोलीची ती वर्दळही ओसरली.

घाटाचे सगळेच काम निर्दोष झाले होते, असे मात्र नाही. १८६७ च्या पावसाळ्यात महुकीमळी येथील कमानींचा मोठा पूल कोसळला. दगडी बांधकाम कच्चे राहिले होते. तो पुन्हा बांधावा लागला आणि इतर पुलांचीही तपासणी झाली. उलट वळणाची जागा साठ-पासष्ट वर्षे चालली. १९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, त्या वेळी नवे बोगदे काढून ती जागा सोडून देण्यात आली.

आमच्या प्रदर्शनात मुलांनी ती जागा केली होती. लाकडाच्या फळीवर कागदाच्या लगद्याची सोंड, तिच्या टोकाशी थांबलेली मालगाडी, मागे पट्टेवाली वाघीण. फळीच्या पायथ्याशी खोपोली म्हणून दोन बैलगाड्या उभ्या केल्या होत्या; त्यांत नुसता कापूस भरला होता, कारण गासड्या संपल्या होत्या. खिळे भरणाऱ्या मुलाने प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ज्वारीच्या पेरकांडातील भेंडाची लहान लहान माणसे कोरली, काहींच्या डोक्यावर खसखशीच्या दाण्यांनी भरलेली घमेली ठेवली, आणि ती रुळाच्या कडेने ओळीने चिकटवली. किती केलीस, असे मी त्याला विचारले. त्याने चाळीस मोजून दाखवली आणि प्रत्येकाला हजार धरा, असे सांगितले.